दोन वंशावळी आणि तिसरी : मत्तय व लूक यांच्यात मेळ घालण्याच्या परंपरेची चिकित्सा

ख्रिस्ती धर्मग्रंथातील चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत येशूची वंशावळी येते. मार्कचे निवेदन बाप्तिस्म्याच्या प्रसंगापासून सुरू होते, तर योहान विश्वारंभीच्या 'शब्दा'पासून आरंभ करतो. या दोघांना पूर्वजांच्या नावांची गरज भासलेली नाही. ज्या दोघांना ती भासली, त्यांनी दिलेल्या याद्या मात्र परस्परांशी जुळत नाहीत. दावीद राजापासून येशूपर्यंतच्या टप्प्यात तर त्यांच्यातील विसंगती इतकी उघड आहे की, केवळ लेखनदोष म्हणून तिची वासलात लावता येत नाही. या विसंगतीचा परिहार करण्याचे प्रयत्न ख्रिस्ती विचारविश्वात अठराशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. या प्रयत्नांमागे कोणती गृहीतके होती, त्यांनी मूळ संहितांना कितपत न्याय दिला आणि मेळ घालण्याच्या खटाटोपात काय हाती लागले व काय निसटले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संहितांची स्थिती

मत्तयाची वंशावळी शुभवर्तमानाच्या अगदी आरंभी येते आणि अब्राहामापासून खाली येशूपर्यंत उतरते. लूकची वंशावळी तिसऱ्या अध्यायात, बाप्तिस्म्यानंतर येते आणि येशूपासून वर चढत आदामापर्यंत व तेथून देवापर्यंत जाते. अब्राहाम ते दावीद या टप्प्यात दोन्ही याद्या किरकोळ पाठभेद वगळता एकमेकींशी जुळतात. दावीदानंतर मात्र वाटा फुटतात. मत्तय दावीदाचा पुत्र शलमोन याच्याकडून यहूदाच्या राजांच्या मालिकेतून पुढे जातो; लूक दावीदाचाच दुसरा पुत्र नाथान याची शाखा धरतो. बाबेलच्या बंदिवासाच्या काळात शल्तीएल आणि जरुब्बाबेल या दोन नावांपाशी दोन्ही शाखा अचानक एकत्र येतात. पण तेथेही मत्तयाच्या मते शल्तीएल हा यखन्याचा, तर लूकच्या मते तो नेरीचा. जरुब्बाबेलनंतर मत्तय अबीहूदाचे नाव घेतो, लूक रेसाचे. विशेष म्हणजे जुन्या करारातील इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात जरुब्बाबेलच्या मुलांची जी नावे आहेत, त्यांत ही दोन्ही नावे नाहीत. शेवटी मरीयेचा पती योसेफ याच्यापाशी याद्या पुन्हा भेटतात, तेव्हा मत्तय त्याच्या पित्याचे नाव याकोब सांगतो आणि लूक एली.

संख्येतही मोठी तफावत आहे. दावीदानंतर येशूपर्यंत, येशूला धरून, मत्तयात २७ नावे आहेत, लूकमध्ये ४२. सुमारे एक हजार वर्षांच्या अवधीत पंधरा पिढ्यांचा फरक पडतो. मत्तय आपल्या यादीची मांडणी चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत करतो आणि ही संख्या स्वतः वाचकाला मोजून दाखवतो. तथापि ती साधण्यासाठी योराम व उज्जीया यांच्या दरम्यानचे अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे आणि योशीयानंतरचा यहोयाकीम असे चार पुरुष गाळले गेले आहेत. एवढे करूनही तिसऱ्या गटात, यखन्याला दुसऱ्यांदा मोजल्याखेरीज, तेराच नावे भरतात. लूक मात्र कोणतीही संख्या सांगत नाही. त्याच्या यादीत हस्तलिखितागणिक थोडा फरक पडत असला तरी सत्त्याहत्तर हा आकडा परंपरेने मान्य झाला. अर्पक्षद व शेलह यांच्यामध्ये लूक ज्या केनानाचे नाव घेतो, ते उत्पत्तीच्या प्रचलित हिब्रू संहितेत या ठिकाणी नाही. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात मात्र आहे. म्हणजे दोन्ही लेखकांनी हाताशी असलेल्या साधनांचा उपयोग केला. ती साधने आणि त्यांच्यामागील हेतू एक नव्हते.

२. पेच कोणाला आणि केव्हा जाणवला

या विसंगतीची जाणीव आधुनिक काळातील चिकित्सकांना प्रथम झाली, असा एक समज आढळतो. तो टिकणारा नाही. दुसऱ्या शतकात तातियानाने चार शुभवर्तमाने गुंफून 'दियातेस्सारोन' हा एकसंध ग्रंथ तयार केला. त्यातून त्याने वंशावळी काढून टाकल्या, अशी साक्ष पाचव्या शतकातील थिओडोरेट देतो. मेळ घालण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नाने वंशावळींना बगल दिली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने सेल्सस या टीकाकाराला उत्तर देताना असे नोंदवले आहे की, वंशावळींमधील जी विसंगती ख्रिस्ती लोकांतही चर्चेचा विषय आहे, ती सेल्ससच्या ध्यानातच आली नाही. पुढे चौथ्या शतकात सम्राट जूलियनने नेमक्या याच मुद्द्यावरून दोन्ही शुभवर्तमानकारांवर शरसंधान केले आणि मानी पंथाचा फाउस्टस याने ऑगस्टीनच्या काळात तोच आक्षेप पुन्हा मांडला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन याद्यांतील फरक माहीत असतानाही चर्चने दोन्ही शुभवर्तमाने प्रमाण मानली. एकीला दुसरीनुसार दुरुस्त केले नाही. असा मोह कोणालाच झाला नाही असे नाही. कोडेक्स बेझे या प्राचीन हस्तलिखितात लूकच्या ठिकाणी दावीदानंतरची मत्तयाचीच नावे उलट्या क्रमाने लिहिलेली आढळतात. परंतु हा पाठ सर्वमान्य झाला नाही. मेळ घालणाऱ्यांपुढील कठीण अट त्यामुळे कायम राहिली : दोन्ही याद्या जशाच्या तशा ठेवायच्या आणि दोन्ही खऱ्याही मानायच्या.

३. आफ्रिकानसचा तोडगा : दोन पित्यांचा पुत्र

ही अट स्वीकारून दिलेले सर्वात प्राचीन सविस्तर उत्तर यूलियस आफ्रिकानस याचे आहे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात अरिस्तीदेस नावाच्या गृहस्थाला त्याने लिहिलेल्या पत्राचा मोठा भाग युसीबियसच्या 'चर्चच्या इतिहासा'त जतन झाला आहे. आफ्रिकानसचे विवेचन अनुवादाच्या पुस्तकातील एका नियमावर आधारलेले आहे. एखादा पुरुष निपुत्रिक मरण पावला, तर त्याच्या भावाने त्याच्या विधवेशी विवाह करावा आणि पहिल्या मुलाने मृताचे नाव चालवावे, असा तो नियम. आफ्रिकानस सांगतो की, शलमोनाच्या शाखेतील मत्तान याला एस्था नावाच्या स्त्रीपासून याकोब हा पुत्र झाला. मत्तानाच्या मृत्यूनंतर नाथानाच्या शाखेतील मल्खी याने तिच्याशी विवाह केला आणि त्यांना एली झाला. एली निपुत्रिक वारला. तेव्हा याकोबाने भावजयीशी विवाह केला आणि योसेफ जन्मला. निसर्गतः तो याकोबाचा, कायद्याने एलीचा.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. धर्मशास्त्राच्या परिभाषेत योसेफ हा याकोबाचा बीजसंबंधाने पुत्र आणि एलीचा क्षेत्रज पुत्र ठरतो. महाभारतातील विचित्रवीर्य आणि व्यास यांचे उदाहरण येथे सहज आठवते. तेही एकाच मातेचे, परंतु भिन्न पित्यांचे पुत्र. आणि व्यासांपासून जन्मलेले धृतराष्ट्र व पांडू कुरुवंशातच गणले जातात. या साम्यावरून दोन परंपरांमध्ये काही ऐतिहासिक संबंध होता, असे सुचवावयाचे नाही. वंश चालवण्याची निकड ज्या समाजांत तीव्र असते, तेथे जनक आणि पिता या दोन भूमिका वेगळ्या करण्याची सोय निर्माण होते, एवढाच त्याचा अर्थ.

साम्य जेथे संपते, तेथेच आफ्रिकानसच्या युक्तिवादाची पहिली अडचण सुरू होते. रब्बींच्या परंपरेत दिराशी विवाहाचा हा नियम एका पित्याच्या पुत्रांपुरता मर्यादित आहे. याकोब व एली हे तर केवळ मातेकडून भाऊ. दुसरी अडचण संहितेची आहे. आफ्रिकानस मल्खीला एलीचा पिता म्हणतो. परंतु लूकच्या प्रचलित पाठात एली आणि मल्खी यांच्यामध्ये मत्ताथ व लेवी ही दोन नावे आहेत. त्याच्यासमोरील प्रतीत ती नसावीत. तिसरी अडचण शल्तीएलची. त्यालाही दोन पिते असल्याने तेथे हेच स्पष्टीकरण दुसऱ्यांदा वापरावे लागते, आणि अपवादात्मक योगायोग जितक्या वेळा गृहीत धरावा तितके त्याचे बळ घटत जाते.

चौथी अडचण वंशावळींच्या आतलीच आहे आणि ती सर्वात महत्त्वाची म्हणावी लागेल. दोन्ही याद्यांत पेरेस आणि ओबेद ही नावे आहेत. पेरेस हा यहूदाला त्याची विधवा सून तामार हिच्यापासून झाला. ओबेद हा बवाजला रूथपासून झाला, आणि तो विवाह रूथच्या मृत पतीचे नाव टिकावे म्हणून झाल्याचे रूथच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे मृताचे नाव चालवण्याच्या प्रथेची छाया ज्या दोन जन्मांवर निश्चितपणे पडलेली आहे, ते दोन्ही जन्म या याद्यांत आहेत. तेथे मत्तयाबरोबरच लूकही पेरेसला यहूदाचा आणि ओबेदला बवाजचाच म्हणतो. मृत पतीचे नाव देत नाही. लूकला कायदेशीर पित्यांची यादी द्यायची होती असे मानले, तर ज्या ठिकाणी प्रथेचा पुरावा आहे तेथे त्याने ती पाळली नाही आणि जेथे पुरावा नाही तेथे पाळली, असे म्हणावे लागते.

असे असूनही आफ्रिकानसविषयी आदर वाटावा असे एक कारण आहे. येशूच्या आप्तांकडून ही माहिती आल्याचे तो सांगतो. हेरोदाने आपले हीन कुळ झाकण्यासाठी जुन्या वंशनोंदी जाळल्या, अशी हकीकतही देतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा योसेफस आपली वंशावळ सार्वजनिक नोंदींत मिळाल्याचे सांगतो, त्यामुळे सर्व नोंदी जळाल्याची हकीकत शब्दशः घेता येत नाही. पण आपल्या स्पष्टीकरणाला साक्षीपुराव्याचे पाठबळ नाही, याहून अधिक चांगले वा अधिक खरे स्पष्टीकरण उपलब्ध नाही म्हणून ते स्वीकारावे, असे आफ्रिकानस स्वतःच कबूल करतो. हा प्रामाणिकपणा त्याच्या अनेक उत्तराधिकाऱ्यांत आढळत नाही. शिवाय राजवंशीय व याजकवंशीय नावांचे मिश्रण करून येशूचे दुहेरी पद सूचित केले आहे, असे म्हणणाऱ्यांना त्याने खडसावले. धर्माच्या गौरवासाठी असत्याचा आधार नको, ही त्याची भूमिका होती.

४. ऑगस्टीन : दत्तकविधान आणि संख्यांचा अर्थ

ऑगस्टीनने सुमारे इ. स. ४००च्या सुमारास शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेविषयी लिहिलेल्या ग्रंथात दुसरा पर्याय पुढे केला. योसेफाला एक जन्मदाता आणि एक दत्तक घेणारा असे दोन पिते असू शकतात. एकाने एक नाव दिले, दुसऱ्याने दुसरे. उत्तरायुष्यात आपल्या लेखनाचा फेरविचार करताना त्याने मृत भावाचे नाव चालवण्याच्या नियमाची दखल घेतली. धर्मशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर क्षेत्रजाच्या जागी दत्तक आणि पुन्हा दत्तकाच्या जागी क्षेत्रज, असा हा प्रवास आहे.

तथापि ऑगस्टीनचे खरे योगदान या कायदेशीर तोडग्यात नाही. मत्तयाची यादी खाली उतरते आणि लूकची वर चढते, या दिशाभेदाला अर्थ आहे हे त्याने ओळखले. मत्तयात मानवाच्या पापांचा भार घेण्यासाठी ख्रिस्त खाली येतो. लूकमध्ये बाप्तिस्म्यानंतर, पापक्षालनानंतर, मानव देवाकडे वर जातो, अशी त्याची मांडणी आहे. चाळीस आणि सत्त्याहत्तर या संख्यांचे त्याने लावलेले अर्थ आजच्या वाचकाला ओढूनताणून आणलेले वाटतील. परंतु यादीच्या स्थानाकडे, क्रमाकडे आणि दिशेकडे लक्ष देण्याची जी दृष्टी त्यात आहे, ती आधुनिक रचनाविचाराच्या जवळची आहे.

५. मरीयेची वंशावळी?

लोकप्रिय धर्मप्रबोधनात आज सर्वाधिक आढळणारे उत्तर वेगळेच आहे : मत्तय योसेफाची वंशावळी देतो आणि लूक मरीयेची. या मताला व्यापक प्रचार मिळाला तो व्हितेर्बोच्या आन्नियुसमुळे. १४९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथसंग्रहात फिलोच्या नावावर खपवलेल्या एका बनावट ग्रंथाचा आधार घेऊन, एली म्हणजेच एल्याकीम व एल्याकीम म्हणजेच मरीयेचा पिता योआकीम, असे समीकरण मांडले गेले. एल्याकीम आणि यहोयाकीम ही नावे एकाच राजाची असल्याचे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, त्यामुळे नावांच्या या साखळीला वरकरणी आधार मिळतो. मरीयेच्या पित्याचे योआकीम हे नाव मात्र नव्या करारात कोठेही नाही; ते दुसऱ्या शतकातील 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' या प्रमाणबाह्य ग्रंथातून आलेले आहे.

या मताचा व्याकरणिक आधार असा : लूकच्या ग्रीक वाक्यात येशू हा 'जसे समजले जात असे त्याप्रमाणे' योसेफाचा पुत्र, असा शब्दप्रयोग आहे आणि पुढील प्रत्येक नावामागे येणारे उपपद एकट्या योसेफाच्या नावामागे नाही. त्यामुळे योसेफाचा उल्लेख कंसात टाकून येशूला थेट एलीशी जोडावे, म्हणजे एली हा येशूचा मातामह ठरतो. मुलगे नसलेल्या सलाफहादाच्या कन्यांना वारसा मिळाल्याची गणनेच्या पुस्तकातील हकीकत याच्या पुष्ट्यर्थ दिली जाते. आपल्याकडील पुत्रिकापुत्राची कल्पना येथे जुळते : निपुत्रिक पिता कन्येच्या पुत्राला आपला वंशधर मानतो.

युक्तिवाद आकर्षक आहे, परंतु त्यासाठी लूकने जे लिहिले नाही ते त्याच्या तोंडी घालावे लागते. सत्तराहून अधिक नावे एकाच घाटाने गुंफणाऱ्या वाक्यातील केवळ पहिला दुवा वेगळ्या प्रकारचा आहे, हे एका गाळलेल्या उपपदावरून वाचकाने ओळखावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. लूक मरीयेविषयी इतर कोणाहीपेक्षा अधिक लिहितो. तिची वंशावळी द्यायची असती तर तिचे नाव घेण्यास त्याला अडचण नव्हती. उलट दावीदाच्या घराण्याचा उल्लेख तो योसेफाच्या संदर्भात स्पष्टपणे करतो, आणि मरीयेची नातलग अलीशिबा ही अहरोनाच्या कुळातील असल्याचे सांगतो. मेळ घालण्याच्या या प्रकारात अडचण सुटत नाही. अडचणीचे वाक्यच बदलले जाते.

६. सिंहासन आणि रक्त

१८५३ साली लॉर्ड आर्थर हर्वी यांनी येशूच्या वंशावळींवरील ग्रंथात मांडलेला विचार अधिक विचारार्ह आहे. मत्तय दावीदाच्या सिंहासनाचा वारसाक्रम देतो, लूक प्रत्यक्ष जन्मक्रम. राजशाखा खुंटली की वारसा दुसऱ्या शाखेकडे जातो आणि वारसाच्या यादीत तिचे पुरुष शिरतात. १९३० साली ग्रेशम मेचन यांनीही येशूच्या कौमार्यजन्मावरील ग्रंथात याच दिशेने विवेचन केले. या उपपत्तीमुळे शल्तीएलचे दोन पिते सुसह्य होतात. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात यखन्याला अपत्यहीन लिहावे, त्याचा वंशज दावीदाच्या सिंहासनावर बसणार नाही, असा जो निर्वाळा आहे, त्याच्याशीही ती जुळते : यखन्या निपुत्रिक, म्हणून नाथानाच्या शाखेतील नेरीचा पुत्र शल्तीएल त्याचा वारस.

परंतु येथे एक अंतर्गत तणाव उरतो. ज्या पुरुषाच्या वंशाला सिंहासन नाकारले गेले, त्याच्याकडूनच सिंहासनाचा हक्क पुढे जातो, असे मानावे लागते. शिवाय इतिहासाचे पहिले पुस्तक यखन्याला पुत्र असल्याचे सांगते, शल्तीएलचे नाव त्यांत घेते आणि जरुब्बाबेलला शल्तीएलचा नव्हे तर पदायाचा पुत्र म्हणते. एज्रा आणि हाग्गय मात्र त्याला शल्तीएलचाच पुत्र म्हणतात. म्हणजे ज्या जुन्या कराराच्या आधारे नव्या करारातील विसंगती सोडवायची, त्यातच वंशनोंदींची विसंगती निवांतपणे नांदते आहे. याहून अर्थपूर्ण गोष्ट अशी की, यिर्मया यखन्याला हातातून उपटून टाकलेल्या मुद्रेची उपमा देतो आणि हाग्गय जरुब्बाबेलला देवाने धारण केलेल्या मुद्रेची. शाप आणि त्याचे निवारण हे दोन्ही धर्मग्रंथाच्या प्रतिमासृष्टीतच घडून गेले आहे. मत्तयाला यखन्याचे नाव लपवावेसे वाटले नाही, याचे उत्तर कदाचित येथे सापडते.

७. वंशावळी म्हणजे काय?

विसाव्या शतकात प्रश्नच बदलला. योसेफाचा खरा पिता कोण, याऐवजी वंशावळी नावाचा वाङ्मयप्रकार काय काम करतो, असे विचारले जाऊ लागले. लॉरा बोहानन यांनी १९५२ साली नायजेरियातील तिव समाजाच्या वंशावळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वंशावळी ही वर्तमान सामाजिक संबंधांची सनद असते आणि संबंध बदलले की तीही बदलते, हे त्यांनी दाखवून दिले. रॉबर्ट विल्सन यांनी १९७७ साली अशा निरीक्षणांचा उपयोग बायबलच्या वंशावळींसाठी केला : घरगुती, राजकीय आणि धार्मिक व्यवहारांत एकाच व्यक्तीच्या वेगवेगळ्या वंशावळी प्रचलित असू शकतात आणि त्या वापरणाऱ्यांना त्यांत विरोध जाणवत नाही. तत्पूर्वी १९६९ मध्ये मार्शल जॉन्सन यांनी बायबलमधील वंशावळींच्या हेतूंचा आणि १९७७ मध्येच रेमंड ब्राउन यांनी येशूच्या जन्मकथांचा सविस्तर परामर्श घेतला. ब्राउन हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चिकित्सा केवळ श्रद्धेबाहेरून आलेली नाही, हे कळते.

या दृष्टीने पाहता मत्तयाचे चौदा-चौदा-चौदा हे गणित त्याच्या आशयाचा भाग ठरते. हिब्रू अक्षरांना अंकमूल्ये असतात. 'दावीद' या नावातील तीन व्यंजनांची बेरीज चार, सहा आणि चार मिळून चौदा होते. राज्याचा उदय, राज्याचा अस्त आणि अभिषिक्ताचे आगमन असा इतिहासाचा आलेख ही यादी काढते. तिच्यातील चार स्त्रियांची नावे तर वंशावळीच्या रूढ स्वभावाविरुद्ध जातात. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी; यांतील राहाब यरीहोची, रूथ मवाबी, उरीया हित्ती. सारा, रिबका या कुलमातांचा उल्लेख टाळून मत्तय याच चौघींना निवडतो. वंशावळी सामान्यतः कुळाच्या शुद्धीचा दाखला देण्यासाठी लिहिली जाते. येथे मात्र परके रक्त आणि लोकापवाद ज्या ठिकाणी आहेत, नेमकी ती ठिकाणे अधोरेखित केलेली आहेत. पाचव्या स्त्रीची, मरीयेची, ही पूर्वतयारी आहे.

लूकचे स्थाननिर्देशनही असेच अर्थगर्भ आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी येशूला पुत्र म्हणते, लगेच वंशावळी येते आणि ती देवापाशी संपते. त्यानंतरच्या परीक्षेत सैतान नेमका देवाच्या पुत्रत्वाचा प्रश्न उपस्थित करतो. अब्राहामापाशी न थांबता आदामापर्यंत जाणारी ही यादी येशूला सर्व मानवजातीच्या नात्यात बसवते.

मात्र रचनावादी वाचनालाही मर्यादा आहेत आणि त्या सांगणे आवश्यक आहे. लूकच्या यादीतील दावीदानंतरच्या बहुसंख्य व्यक्ती अन्यत्र कोठेच आढळत नाहीत. त्यांतून काही प्रतीकार्थ निघत नाही. हेतुपुरस्सर रचलेल्या यादीत इतकी निरर्थक नावे का असावीत? 'रेसा' हे व्यक्तिनाम नसून राजपुत्र या अर्थाचे अरामी पद असावे आणि ते जरुब्बाबेलचे बिरुद असावे, असे एक मत आहे. ते ग्राह्य धरल्यास लूकच्या हाती एखादी जुनी यादी आली होती आणि ती उलट क्रमाने लिहिताना बिरुदाचे नाव झाले, असे अनुमान निघते. याउलट योआखिम येरेमियास यांनी दाखवल्याप्रमाणे लेवी, शिमोन, यहूदा, योसेफ ही कुलपुरुषांची नावे व्यक्तींना ठेवण्याची रीत बंदिवासापूर्वी आढळत नाही. लूक मात्र ती त्या काळात दाखवतो. सारांश, या याद्या निव्वळ कल्पित नाहीत आणि निव्वळ दप्तरनोंदीही नाहीत. 'हे सगळे प्रतीकात्मक आहे' असे म्हणून मोकळे होणारा समीक्षक आणि 'हे सगळे नोंदीबरहुकूम आहे' असे म्हणणारा समर्थक, दोघेही संहितेचा अर्धाच भाग वाचतात.

८. मराठी भाषेच्या आरशात

विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या मुद्रणालयातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत प्रसिद्ध झाले. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या छापील मजकुरात त्यामुळे ही वंशावळी येते. भाषांतराच्या अंगाने पाहता मराठीला येथे एक तोटा आणि एक लाभ होतो. मत्तयाच्या ग्रीक संहितेत 'जन्म दिला' या अर्थाचे कर्तरी क्रियापद ३९ वेळा येते, पिता कर्ता आणि पुत्र कर्म. योसेफापाशी येताच हा घाट मोडतो : योसेफ कर्ता होत नाही, क्रियापद कर्मणी होते. मराठीत 'अमक्याला तमका झाला' ही स्वाभाविक रचना वापरली की पित्याचे कर्तृत्व पहिल्यापासूनच मावळते आणि शेवटच्या दुव्यातील धक्का सौम्य होतो. दुसरीकडे, येशू ज्या व्यक्तीपासून जन्मला तिचा निर्देश करणारे ग्रीक सर्वनाम स्त्रीलिंगी एकवचनी आहे. इंग्रजीत हा लिंगभेद पुसला जातो, मराठीतील 'जिच्यापासून' मात्र तो अचूक टिपते.

लूकच्या बाबतीत याउलट घडते. त्याच्या साखळीत 'पुत्र' हा शब्द आरंभी एकदाच येतो; पुढे केवळ षष्ठी विभक्ती आहे. मराठीतील 'चा' हा प्रत्यय पुल्लिंगी असल्याने पुत्रसंबंध अधिक बांधून टाकतो. तो संबंध औरस, क्षेत्रज की दत्तक, हे मूळ विभक्ती सांगत नाही. आदाम 'देवाचा' हा अखेरचा दुवाही त्याच विभक्तीने जोडलेला आहे, आणि तेथे तर जन्मसंबंध शारीरिक अर्थाने अभिप्रेत असणे शक्यच नाही.

९. समारोप

मेळ घालण्याच्या परंपरेचे मूल्यमापन करताना दोन निष्कर्ष पुढे येतात. पहिला असा की, प्रत्येक मेळ एक तिसरी वंशावळी निर्माण करतो. आफ्रिकानसची एस्था, आन्नियुसचा एल्याकीम-योआकीम, हर्वी यांचा निपुत्रिक यखन्या, यांपैकी काहीही मत्तयात नाही आणि लूकमध्येही नाही. दोन्ही संहितांचा मान राखण्यासाठी उभारलेली ही तिसरी यादी प्रत्यक्षात दोन्हींच्या जागी बसते. वाचक मत्तयाच्या चार स्त्रिया आणि लूकचा आदाम विसरून एस्थाच्या दोन विवाहांचा विचार करू लागतो.

दुसरा निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. मेळ घालणाऱ्यांचा मध्यवर्ती प्रश्न योसेफाच्या रक्तसंबंधाचा होता. परंतु ज्या दोन शुभवर्तमानांत योसेफाच्या पूर्वजांची यादी आहे, तीच दोन शुभवर्तमाने योसेफ हा येशूचा जनक नाही असे सांगतात. मत्तयात योसेफ स्वप्नातील आज्ञेनुसार मरीयेचा स्वीकार करतो आणि बालकाचे नाव स्वतः ठेवतो. नाव ठेवणे म्हणजे पितृत्व मान्य करणे. लूक 'जसे समजले जात असे' या शब्दांनी तीच गोष्ट वेगळ्या रीतीने सूचित करतो. अब्राहामापासून चालत आलेली पिढ्यांची साखळी तिच्या शेवटच्या आणि निर्णायक दुव्यात रक्ताने जोडलेली नसून स्वीकाराने जोडलेली आहे, याविषयी दोघांचे एकमत आहे. याकोब की एली, या वादात शतकानुशतके जे एकमत शोधले गेले, ते तेथे मिळाले नाही. ते याद्यांच्या अखेरीस, योसेफ आणि येशू यांच्या दरम्यान, आधीपासूनच होते.

श्रद्धावान वाचकाला या निष्कर्षाने काही गमवावे लागते असे नाही. धर्मग्रंथाची सत्यता नोंदवहीच्या अचूकतेवर टांगण्याचा आग्रह सोडला, तर दोन याद्या एकमेकींच्या साक्षीदार म्हणून उलटतपासणीला उभ्या राहत नाहीत. एक इस्राएलाच्या इतिहासाविषयी बोलते, दुसरी समस्त मानवाविषयी. चिकित्सक वाचकालाही आफ्रिकानस वा ऑगस्टीन यांना भाबडे समजून बाजूला सारता येणार नाही, कारण विसंगती न लपवता तिच्याकडे पाहण्याची शिस्त त्यांच्यापासूनच सुरू होते. त्यांनी दिलेली उत्तरे आज पटत नसली तरी त्यांनी दोन्ही संहिता न छाटता पुढच्या पिढ्यांच्या हाती दिल्या. चार राजे गाळणारा मत्तय आणि एक केनान अधिक घेणारा लूक आज शेजारी शेजारी वाचता येतात, ते त्यामुळेच.